पावसाच्या पाण्याचं काम कोरड्या दिवसांत

माझ्या घरातल्या कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी नऊ वर्षं थेट ओढ्यात जात होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मशीन बसवायला आलेल्या माणसाला मागच्या बाल्कनीत एक पाइप दिसला, त्याने नळी त्यात सोडली. पाणी जातंय ना, मग झालं, असं त्यालाही वाटलं आणि मलाही. तो पाइप गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा होता. तिथून अंगणाच्या कडेने रस्त्यावरच्या जाळीत आणि जाळीतून ओढ्यात. मध्ये गाळणी नाही, टाकी नाही, शुद्धीकरण नाही. माझी उभी हयात शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. साबण मळ कसा काढतो हे मी शेकडो मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावलं. त्या साबणाचं पुढे काय होतं हे मात्र पाहायला गेले नाही, याची खंत अजून जात नाही.

हे सगळं आपापल्या गल्लीत, चार शेजाऱ्यांच्या मदतीने रोखता येतं. अट एकच, काम पाऊस नसताना करायचं. पाऊस सुरू झाला की जमिनीवर जे पडलेलं असेल ते वाहून जाणार, मग आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

गटारं दोन असतात

संडास, न्हाणी, मोरी यांचं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जातं, निदान जायला हवं. रस्त्याच्या कडेला जाळी असते ते पावसाळी गटार वेगळं. ते पाणी तुंबू नये म्हणून बांधलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी त्यातलं पाणी जसंच्या तसं ओढ्यात, नदीत, तळ्यात किंवा समुद्रात पडतं. म्हणजे ती जाळी हे ओढ्याचंच तोंड आहे, फक्त आपल्या दारात आलेलं. मी शेजाऱ्यांना हे एवढं एकच वाक्य सांगते आणि बऱ्याच जणांना ते पुरतं.

काही जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच वाहिनीतून जातं. तिथे जोराचा पाऊस झाला की वाहिनी भरते आणि मैल्यासकट जादा पाणी नदीत सोडावं लागतं. तुमच्याकडे अशी रचना असेल तर पाणी गटारात जाऊ न देता जमिनीत मुरवणं हे तुमचं पहिलं काम. कोणती रचना आहे ते स्थानिक अभियंत्याला विचारून घ्या. जमलं तर गटारांचा नकाशाही मागून घ्या, पुढे फार उपयोगी पडतो.

तीन दिवस कोरडे जाऊ द्या

पावसाळी गटाराचा गुण असा की पाऊस नसेल तर ते कोरडं असायला हवं. म्हणून शेवटच्या पावसानंतर तीन दिवस, म्हणजे ७२ तास जाऊ द्यायचे आणि मग गटार ओढ्याला मिळतं त्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. तेव्हाही पाणी वाहत असेल तर ते कुठूनतरी येतंय. झऱ्याचं किंवा जमिनीत मुरलेलं स्वच्छ पाणी झिरपत असू शकतं, पिण्याच्या पाण्याची वाहिनी फुटलेली असू शकते किंवा कुणाचं तरी सांडपाणी चुकीच्या पाइपात गेलेलं असू शकतं.

सकाळी लवकर जा आणि पुन्हा एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी जा. कपडे केव्हा धुतले जातात, गाड्या केव्हा धुतल्या जातात, त्यावर काय दिसेल ते ठरतं. मी पहिले दोन महिने फक्त सकाळी जात होते आणि नळ, म्हणजे ओढ्यात उघडणारा गटाराचा मोठा पाइप, कोरडा दिसतो म्हणून समाधानाने परतत होते. वहीत तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी पडला, पाण्याचा रंग, वास आणि फेस एवढं लिहा. त्याच जागेवरून फोटो काढा.

पाहताना दोन ठिकाणी गल्लत होते. साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की लोक तेल म्हणून ओरडतात. काडीने तवंग हलवून पाहा. काचेसारखे कोनदार तुकडे झाले आणि ते तसेच अलग राहिले, तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम आहे, त्यात कुणाचा दोष नाही. तवंग फाटून पुन्हा एकत्र आला तर तेल. फेसाचंही तसंच. कुजलेल्या पानांमुळे होणारा फेस पिवळट-तपकिरी असतो आणि त्याला मातीसारखा वास येतो. साबणाचा फेस पांढरा असतो आणि त्याला बहुधा सुगंध असतो.

ओढ्यात किंवा चेंबरमध्ये उतरू मात्र नका. बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू साचतात आणि माणूस आत वाकला तरी शुद्ध हरपू शकते. आत डोकावण्याचं काम साधनं आणि प्रशिक्षण असलेल्यांचं. आपण काठावरून पाहायचं.

कापूस काय सांगतो

मला माझीच चूक सापडली ती कापसामुळे, म्हणून ही रीत सविस्तर सांगते. कपडे धुण्याच्या पावडरमध्ये पांढरे कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून चमक आणणारी रसायनं घालतात. ती कापसाच्या धाग्याला चिकटतात आणि अतिनील प्रकाशात निळसर उजळतात. म्हणून न रंगवलेला, कसलीही प्रक्रिया न केलेला कापूस घ्यायचा. आधी तो अतिनील दिव्याखाली धरून पाहा, तो स्वतःच उजळत असेल तर उपयोगाचा नाही. जाळीच्या कापडात त्याची सैल पुरचुंडी बांधायची आणि गटाराच्या तोंडाशी, पाणी वाहील अशा जागी तारेने अडकवून ठेवायची. पाच-सात कोरडे दिवस राहू दे. मग काढून साध्या पाण्याने खळबळून गाळ घालवायचा आणि अंधाऱ्या जागी वाळवायचा, कारण उन्हात ही चमक निघून जाते. शेवटी अंधाऱ्या खोलीत, न वापरलेल्या कापसाच्या शेजारी ठेवून दिवा लावायचा.

आमच्या ओढ्याला गल्लीतून तीन नळ मिळतात. एका पुरचुंडीत काही नव्हतं. बाकीच्या दोन्ही उजळल्या. त्यातल्या एका नळावर फक्त सहा घरं होती आणि त्यातलं एक माझं.

घर शोधायला रंग लागतो. फ्लुओरेसीन नावाचा पिवळा-हिरवा रंग पाण्याची वाट तपासायला वापरतात. चिमूटभर बादलीत विरघळवून घरातल्या एकेका निचऱ्यात ओतायचा आणि दुसऱ्याने रस्त्यावरच्या जाळीशी उभं राहायचं. एका दिवशी एकच घर, नाहीतर कुणाचा रंग कुठे निघाला ते कळत नाही. घरमालकाची परवानगी घ्या आणि स्थानिक प्रशासनाला आधी कळवा. ओढा अचानक हिरवा दिसला तर लोक घाबरतात आणि ते रास्तच आहे.

मी सुरुवात स्वतःच्या घरापासून केली, कारण शेजाऱ्याच्या दारात जाण्याआधी ते करायलाच हवं होतं. बाल्कनीतून रंग ओतला. जाळीशी शेजारची मुलगी उभी होती. थोड्याच वेळात तिची हाक आली, "काकू, आलं!"

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली. प्लंबरने मशीनची नळी न्हाणीच्या निचऱ्याला जोडली आणि पावसाच्या पाइपाचं भोक बुजवलं. त्यानंतर बाकीच्या पाच घरांत जाऊन मी काय सापडलं ते सांगितलं, माझ्या घरापासून. कुणी दार लावून घेतलं नाही. आणखी एका घरात तीच चूक निघाली, त्यांनी त्याच आठवड्यात नळी बदलून घेतली. तुम्हीही असंच करा असं मी आग्रहाने सांगेन. शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, आपल्या घरी काय निघालं ते घेऊन जा.

साबण "विघटन होणारा" आहे असं डब्यावर लिहिलेलं असतं आणि त्यावर लोक निर्धास्त होतात. विघटनाला वेळ लागतो, आणि ते करणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. तोवर साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतोच. हा साबण शुद्धीकरण केंद्रात गेला तर ठीक, ओढ्यात नाही.

पहिल्या पावसात जाळीशी उभं राहा

कोरड्या फेऱ्या झाल्या की एक फेरी छत्री घेऊन करायची. बऱ्याच दिवसांनी पडणाऱ्या पावसात, पहिल्या सरीलाच. लहान, फरसबंद भागात साठलेल्या घाणीचा मोठा वाटा या सुरुवातीच्या पाण्याबरोबर निघून जातो. अर्ध्या तासाने गेलात तर पाणी बरंच निवळलेलं दिसेल आणि वाटेल, एवढं काही वाईट नाही. जाळीशी उभं राहून पाणी कुठून येतंय ते उलट्या दिशेने चालत शोधा. काळं पाणी कुणाच्या फाटकातून येतंय, लाल माती कुठल्या बांधकामावरून येतेय, पन्हळीचं पाणी गाडीखालच्या तेलाच्या डागावर पडतंय का, हे सगळं त्या दहा मिनिटांत दिसतं. एरवी वर्षभर दिसत नाही.

हिशोब मनात ठेवायला सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. १०० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २,५०० लिटर. एवढं पाणी अंगणातून धावत सुटलं तर वाटेतलं काय काय उचलेल, याचा विचार करून मगच अंगणाकडे बघा.

अंगण आणि रस्ता

झाडायचं, धुवायचं नाही. फरशीवर पाइपाने पाणी मारणं म्हणजे पावसाची वाट न बघता आपणच घाण जाळीत ढकलणं. खराट्याने झाडा, सुपलीत भरा, माती बागेत टाका, कचरा कचऱ्यात.

पानांना कुणी घाण म्हणत नाही, पण रस्त्यावर भिजलेल्या पानांतून फॉस्फरस निघतो, चहाच्या पुडीतून अर्क उतरावा तसा. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात पानगळीच्या मोसमात प्रत्येक पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली, तेव्हा वाहून जाणाऱ्या पाण्यातला एकूण फॉस्फरस ८४ टक्क्यांनी घटला. फॉस्फरस काय करतो ते पाहायचं असेल तर कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं २२६ क्रमांकाचं तळं पाहा. १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने त्या तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. वरून काढलेला तो फोटो मी दरवर्षी वर्गात दाखवायचे. खत देताना तो आठवतो. पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी खत घालू नका आणि फरशीवर सांडलेले दाणे परत कुंडीत झाडून टाका.

तेलाबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण लोक थेंबाला थेंब समजतात. लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर बेंजामिन फ्रँकलिनने चमचाभर तेल टाकून पाहिलं होतं. सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं. ही नोंद १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. गाडीखाली रोज पडणारा थेंब याच हिशोबाने पाहा. गळती दिसली की आधी खाली ट्रे ठेवा आणि गाडी दुरुस्तीला द्या. सांडलेल्या तेलावर पाणी कधीच ओतू नका. कोरडी माती, वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरा, थोडा वेळ शोषू द्या, झाडून घ्या, पुन्हा पसरा. गोळा झालेलं हे मिश्रण वेगळं बांधून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. बदललेलं इंजिन ऑइल झाकणाच्या डब्यात भरून परत घेणाऱ्या केंद्रावर किंवा गॅरेजमध्ये द्या.

गाडी धुवायची तर गवतावर किंवा मातीवर, बादली आणि फडक्याने. घाण पाणी घरातल्या निचऱ्यात ओता. रंगाचे ब्रश रस्त्याकडेला धुऊ नका. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे घरातल्या मोरीत धुवा. तेलरंगाचं थिनर बाटलीत ठेवलं की रंग तळाशी बसतो आणि वरचं थिनर पुन्हा वापरता येतं. पाण्याची टाकी क्लोरिनने धुतली असेल तर तेही पाणी जाळीत नको. पाळलेल्या कुत्र्याची विष्ठा उचलायची, हे वेगळं सांगायला नको.

सिमेंटचं मात्र सांगायला हवं. घमेली, फावडी, मिक्सर धुतलेल्या पाण्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास असतो, म्हणजे दाहक आम्लारी. ते ओढ्यात गेलं तर तिथले जीव मरतात. बांधकामाच्या ठिकाणी जाड प्लॅस्टिक अंथरलेला एक खड्डा करून सगळी अवजारं त्यातच धुवायला सांगा. पाणी उडून गेलं की घट्ट झालेला थर राडारोड्यात जातो. वाळूचा ढीग ताडपत्रीने झाका, उताराच्या बाजूला वाळूच्या गोण्या लावा आणि आवाराच्या तोंडाशी खडी पसरा, म्हणजे ट्रकच्या चाकांची माती रस्त्यावर येत नाही. काम करणाऱ्या मजुरांवर ओरडून उपयोग नसतो, त्यांना खड्डा करून देणारा मुकादम गाठा.

जे झाडून जात नाही ते जमिनीला द्या

कितीही झाडलं तरी काही गोष्टी उरतातच. ब्रेक झिजून पडणारं तांबं, टायरची पूड. टायरचं रबर ओझोनमुळे तडकू नये म्हणून त्यात ६-पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६-पीपीडी-क्विनोन होतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत कोहो सामन मासे पावसानंतर अंडी घालायच्या आतच मरत होते. त्याचं कारण हे रसायन आहे, असं संशोधकांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधीच तिथे एक आशेची गोष्ट दिसली होती. रस्त्यावरचं तेच पाणी वाळू, कंपोस्ट आणि सालीच्या थरांतून गाळून दिलं, तेव्हा मासे जगले. म्हणून शेवटचा आणि माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे पाणी मुरवणारा वाफा.

जागा घराच्या पायापासून किमान ३ मीटर लांब, सेप्टिक टँकवर नाही, मोठ्या झाडाच्या मुळांत नाही. आधी माती तपासा. ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या. पुन्हा भरा आणि आता पट्टी उभी करून दर तासाला पातळी लिहा. तासाला दीड सेंटीमीटर किंवा जास्त उतरत असेल तर जागा चांगली. त्याहून कमी असेल तर वाफा उथळ आणि पसरट करा किंवा वरची माती काढून वाळू-कंपोस्टचं मिश्रण भरा. दोन्ही करूनही पाणी थांबत असेल तर जागा बदला. मी पहिला वाफा ही तपासणी न करता खणला होता, चिकणमातीत. पाणी चार दिवस तसंच उभं राहिलं आणि मला तो बुजवावा लागला.

आकाराचा हिशोब वरच्याच सूत्राने करायचा. ४० चौरस मीटर छपराचं पाणी वाफ्यात सोडणार असाल तर २५ मिलिमीटर पावसात १,००० लिटर येईल, म्हणजे एक घनमीटर. वाफा १५ सेंटीमीटर खोल धरला तर सुमारे ७ चौरस मीटर लागतो. पाणी पडता पडता मुरतही असतं, त्यामुळे थोडा लहान झाला तरी चालतं. तळ सपाट ठेवा, बशीसारखा. मध्ये खोल खड्डा झाला तर सगळं पाणी तिथेच साचतं. पन्हळीचं पाणी पडेल तिथे दगड रचा, नाहीतर पहिल्याच पावसात माती उकरली जाते. जोराच्या पावसात वाफा भरून वाहणारच, तेव्हा ते पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे न जाता गवताकडे जाईल असं तोंड आधीच ठेवा.

झाडं तुमच्या भागात आपोआप उगवणारी निवडा, ज्यांना दोन दिवस पाण्यात आणि मग तीन आठवडे कोरड्यात राहणं मानवतं. पहिल्या वर्षी तण काढावं लागतं आणि पाऊस नसेल तेव्हा पाणी घालावं लागतं. डासांची भीती लोक हमखास बोलून दाखवतात आणि ती खरी आहे, म्हणूनच वेळेचं बंधन पाळायचं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. वाफा पाऊस थांबल्यापासून ४८ तासांत कोरडा झाला पाहिजे. होत नसेल तर दगडांपाशी साठलेला गाळ खरवडून काढा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

वाफ्याला जागाच नसेल तर पन्हळीचा शेवटचा तुकडा फरशीवरून वळवून मातीकडे न्या. एका कोपराच्या जोडाने हे होतं, आणि सगळ्या गल्लीने केलं तर तेही पुष्कळ आहे.

गल्लीतल्या जाळ्यांवर आम्ही परवानगी काढून "हे पाणी थेट ओढ्यात जातं" असं रंगवलं. अक्षरं मुलांनी लिहिली. त्यानंतर एका गृहस्थाने बादली घेऊन जाळीपर्यंत जाऊन परत फिरताना मी खिडकीतून पाहिलं. मोठं गळतं चेंबर, फुटलेली वाहिनी, टँकरमधून गुपचूप ओतलेलं काही, असं दिसलं तर स्वतः भिडू नका. फोटो, वेळ आणि जागा लिहून स्थानिक प्रशासनाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. वहीतल्या जुन्या नोंदी सोबत जोडल्या की तक्रारीला वजन येतं.

गेल्या आठवड्यात आमच्या नळाच्या तोंडाशी लावलेला कापूस काढला. दिव्याखाली तो न वापरलेल्या कापसासारखाच दिसला. दुसऱ्या नळाचा अजून उजळतो. त्यावर सात घरं आहेत, चार तपासून झाली आहेत. उद्या पाऊस थांबून तीन दिवस पूर्ण होतील, पाचव्या घरी सकाळी सातची वेळ मागून घेतली आहे.